विश्लेषण : ‘हरित नोकरी’ म्हणजे नेमके काम कोणते? ते मिळवायचे कसे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘भविष्य हरित रोजगाराचे’ असे सांगणाऱ्या जाहिरातींना उधाण येते. सौरऊर्जा, इलेक्ट्रिक वाहने, कचरा व्यवस्थापन, कार्बन बाजार ही क्षेत्रे वाढत आहेत हे खरे. पण तिथे प्रत्यक्ष काम काय करावे लागते, त्यासाठी शिकायचे काय, ते काम किती काळ टिकते आणि आहे ती नोकरी न सोडता पर्यावरणपूरक काम करता येते का, याची उत्तरे जाहिरातींत क्वचितच असतात.

हरित रोजगार कशाला म्हणायचे?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या व्याख्येत दोन अटी आहेत. पहिली, त्या कामामुळे पर्यावरण जपले जावे किंवा बिघडलेले पर्यावरण सुधारावे. दुसरी, ते काम प्रतिष्ठेचे असावे. म्हणजे पुरेसे वेतन, सुरक्षित वातावरण आणि कामगारांचे हक्क त्यात असावेत. पहिल्या अटीची चर्चा भरपूर होते, दुसरी मात्र विसरली जाते.

या व्याख्येनुसार हरित रोजगार फक्त सौर किंवा पवन ऊर्जेच्या कंपनीतच असतो असे नाही. बांधकाम, कारखानदारी, शेती, वाहतूक अशा जुन्या क्षेत्रांतले कामही हरित असू शकते. कारखान्यातील बॉयलरचे इंधन वाचवणारा तंत्रज्ञ, ठिबक सिंचनाची जोडणी करणारा प्लंबर, बसची देखभाल करणारा मेकॅनिक हे सारे त्यात येतात. उलट ‘ग्रीन’ नाव लावलेल्या कंपनीत विनाकरार, विनासुरक्षा राबवून घेतले जात असेल, तर ते काम या व्याख्येत बसत नाही.

मागणी एकदम का वाढली?

सरकारी धोरण हे मुख्य कारण. २०७० पर्यंत ‘नेट झिरो’ गाठण्याची घोषणा भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत केली. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे लक्ष्य आहे. देशाच्या सौर क्षमतेने २०२५ च्या जानेवारीत १०० गिगावॉटचा टप्पा ओलांडला.

घरगुती पातळीवर मोठा धक्का दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ने. ७५ हजार २१ कोटी रुपयांच्या या योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसवण्याचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार असे कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते. योजनेला मंजुरी देताना निर्मिती, वाहतूक, विक्री, उभारणी आणि देखभाल मिळून सुमारे १७ लाख थेट रोजगारांचा अंदाज केंद्र सरकारने मांडला होता. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला ‘मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.०’ आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजना आहेत. त्यामुळे सौर पॅनेल बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांची गरज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे.

छतावरच्या सौर यंत्रणेतच जास्त हात का लागतात?

एक मेगावॉटचा सौर प्रकल्प माळरानावर उभारला तर जागा एक, आराखडा एक, वीजजोडणी एक. तोच एक मेगावॉट प्रत्येकी तीन किलोवॉटने घराघरांवर बसवायचा, तर सुमारे ३३३ घरे लागतात. म्हणजे ३३३ छतांची पाहणी, तितक्याच वेळा सावलीचा अंदाज, लोखंडी सांगाडा, अर्थिंग, महावितरणकडे अर्ज आणि नेट मीटर. तीन किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट मोकळे छत लागते आणि दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. पण शेजारची टाकी, जिन्याची खोली, नारळाचे झाड यांमुळे प्रत्येक छताचा हिशेब वेगळा करावा लागतो. हे काम यंत्राने एका झटक्यात होत नाही.

सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांनी २०१७ मध्ये केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. एक मेगावॉटमागे छतावरील सौरऊर्जेत सुमारे २५, जमिनीवरील प्रकल्पात सुमारे साडेतीन आणि पवन ऊर्जेत सुमारे सव्वा ‘रोजगार-वर्षे’ निर्माण होतात. रोजगार-वर्ष म्हणजे एका माणसाला एक वर्ष पुरेल इतके काम. हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. २५ रोजगार-वर्षे म्हणजे २५ जणांची कायम नोकरी नव्हे. छत पूर्ण झाले की पथकाला पुढचे छत शोधावे लागते. अनुदानाचा ओघ आटला किंवा नियम बदलले तर काम मंदावते. देखभालीचे काम मात्र पॅनेलच्या आयुष्याइतके, म्हणजे साधारण २५ वर्षे चालते. म्हणून फक्त पॅनेल बसवण्यावर न थांबता इन्व्हर्टरचे बिघाड शोधणे, वीजनिर्मिती का घटली हे मोजून सांगणे अशी कामे शिकणाऱ्याचे काम अधिक टिकते.

त्यासाठी शिकायचे काय?

सौर तंत्रज्ञाचे काम मुळात वायरमन आणि फिटरचे आहे. त्यावर सौरऊर्जेच्या ज्ञानाचा एक थर चढतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन वर्षांचे जुने ट्रेड आहेत. त्यांच्या जोडीला ‘सोलर टेक्निशियन’ हा एक वर्षाचा ट्रेडही आला आहे. दोहोंतून एकच निवडायचा असेल, तर इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला सौर क्षेत्राबाहेरही काम मिळते, ही त्याची जमेची बाजू. सौर क्षेत्रात मंदी आली तरी हातातले कौशल्य वाया जात नाही.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण सुरू केले. गुरुग्रामजवळची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था त्याचे नियोजन पाहते. सुमारे तीन महिन्यांच्या, ६०० तासांच्या या प्रशिक्षणाची रचना विनाशुल्क व निवासी अशी करण्यात आली आणि आयटीआय झालेल्यांचा त्यात प्राधान्याने विचार झाला. त्याच वर्षी ‘स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स’ ही परिषद स्थापन झाली. सौर, पवन, जैवऊर्जा, कचरा, सांडपाणी अशा क्षेत्रांतील कामांसाठी कोणते कौशल्य लागते याचे निकष ती ठरवते.

इथेच सावध राहण्याची गरज आहे. आठवडाभराचा ऑनलाइन अभ्यासक्रम, शेवटी रंगीत प्रमाणपत्र आणि ‘शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती बऱ्याच दिसतात. पैसे भरण्याआधी अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात, म्हणजे एनएसक्यूएफमध्ये बसतो का, हे केंद्र सरकारच्या स्किल इंडिया डिजिटल हबवर तपासता येते. छतावर चढून काम न करता मिळालेल्या प्रमाणपत्राला कंत्राटदाराकडे फारशी किंमत नसते.

या कामात जोखीम कोणती?

दोन जोखमी मोठ्या आहेत : उंची आणि डीसी वीज. घरातल्या वायरिंगचे काम करताना मेन स्विच बंद केला की पुढची तार मृत होते. सौर पॅनेलला असा स्विच नसतो. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज तयार करतच राहते. त्यामुळे इन्व्हर्टर बंद केला तरी पॅनेलकडून येणाऱ्या तारांत व्होल्टेज असते. पाच-सहा पॅनेल एकापाठोपाठ एक जोडले की ते २०० ते ३०० व्होल्टपर्यंत जाते. शिवाय डीसी विजेची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. कनेक्टर सैल बसला तर तिथे ठिणगी धरून राहते आणि आग लागू शकते.

दुसरे म्हणजे घसरणे. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या स्लॅबवर किंवा पत्र्याच्या उतारावर कमरेला दोर न बांधता काम करणारे तरुण अनेक ठिकाणी दिसतात. सुरक्षा पट्टा, रबरी हातमोजे, योग्य बूट आणि अपघात विमा ही चैन नाही. आयएलओच्या व्याख्येतील दुसऱ्या अटीचा तो किमान भाग आहे. पथकात रुजू होण्याआधी ‘पट्टा कोण देणार आणि विमा कोणाच्या नावावर आहे’ हे विचारणे पगाराइतकेच महत्त्वाचे आहे.

अभियंते, वाणिज्य पदवीधरांसाठी काय आहे?

त्यांच्यासाठी मागणी मुख्यतः नियमांमुळे तयार झाली आहे. ‘सेबी’च्या नियमानुसार बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक आहे. त्यात वीज, इंधन, पाणी, कचरा आणि कर्बउत्सर्जन यांचे आकडे द्यावे लागतात. हे आकडे गोळा करणे, पडताळणे आणि मांडणे हे बरेचसे लेखापालाच्या शिस्तीचे काम आहे. फक्त रुपयांऐवजी युनिट, घनमीटर आणि टन मोजायचे.

युरोपीय संघाच्या ‘सीबॅम’ या कार्बन कराची शुल्क आकारणी जानेवारी २०२६ पासून लागू झाली. त्यामुळे पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम निर्यात करणाऱ्यांना आपल्या मालामागे किती कर्बउत्सर्जन झाले ते दाखवावे लागते. देशातही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. ऊर्जा बचतीचे काम करू पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा ही मान्यताप्राप्त वाट आहे. तिला अनुभवाची अट आहे; पदवी हाती पडताच बसता येत नाही. म्हणून आधी एखाद्या कारखान्याच्या देखभाल किंवा युटिलिटी विभागात काम करून बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप जवळून पाहणे उपयोगी पडते.

पुढच्या दशकात आणखी एक क्षेत्र उघडेल. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सौर पॅनेलचाही समावेश आहे. वापरून झालेली पॅनेल २०३४-३५ पर्यंत उत्पादकांनी साठवून ठेवायची आहेत. त्यांतली काच, अ‍ॅल्युमिनियम, चांदी आणि सिलिकॉन वेगळे करणारे उद्योग तेव्हा लागतील.

सर्वात हरित काम सर्वात कमी पगाराचे का?

भारतात पुनर्वापराचे सर्वात जुने काम करणारे कचरावेचक ‘हरित रोजगारा’च्या जाहिरातीत कधीच दिसत नाहीत. कागद, काच, प्लास्टिक, पत्रा कचऱ्यातून वेगळा करून कारखान्यापर्यंत पोहोचवणारी साखळी त्यांच्यापासून सुरू होते. मात्र उकिरड्यावर, हातमोज्यांविना, भंगाराच्या भावावर अवलंबून केलेले हे काम व्याख्येची पहिली अट पूर्ण करते आणि दुसरीत नापास होते.

ही दुसरी अट कशी पूर्ण करता येते याचे उदाहरण पुण्यात आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था तयार झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. सदस्य, ज्यांत महिला बहुसंख्य आहेत, दारोदार जाऊन वर्गीकृत कचरा घेतात, नागरिकांकडून ठरलेले सेवाशुल्क घेतात आणि भंगार विकून मिळालेला पैसाही त्यांचाच असतो. काम तेच राहिले. पण ओळखपत्र, ठरलेला मार्ग आणि नियमित शुल्क यांमुळे त्याचे स्वरूप बदलले. तरीही कराराच्या मुदतवाढीची टांगती तलवार या महिलांवर वेळोवेळी राहिली आहे. हरित कामाला प्रतिष्ठा मिळाली तरी ती टिकवण्यासाठी भांडावे लागते, असा या अनुभवाचा अर्थ.

कोळशावर पोट असलेल्यांचे काय?

आयएलओच्या २०१८ च्या अहवालाने २०३० पर्यंत जगात सुमारे २.४ कोटी नवे रोजगार तयार होतील आणि सुमारे ६० लाख जातील, असा अंदाज मांडला होता. बेरीज-वजाबाकी फायद्याची दिसते. अडचण अशी की, जाणारी नोकरी आणि येणारी नोकरी एकाच गावात, एकाच माणसाला मिळत नाही.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २ हजार ९२० मेगावॉटचे आहे. केंद्राचे कर्मचारी, कंत्राटी कामगार, कोळसा वाहतूकदार, खाणी आणि त्यांच्यावर चालणाऱ्या खाणावळी अशी मोठी अर्थव्यवस्था त्याभोवती आहे. दुसरीकडे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे धुळे जिल्ह्यातील साक्रीत. असे प्रकल्प उभे करताना माणसे लागतात. उभे राहिले की पॅनेल धुणे, गवत काढणे, पहारा आणि मोजके तंत्रज्ञ एवढेच काम उरते. औष्णिक केंद्रातील स्विचयार्डवरचा वीजतंत्रज्ञ सौर प्रकल्पात सहज रुळू शकतो. कोळसा हाताळणीतील कंत्राटी कामगाराला मात्र नवे कौशल्य शिकवावे लागेल, तेही त्याची मजुरी न बुडवता. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी ‘न्याय्य संक्रमणा’चा उल्लेख आहे, तो यासाठीच.

नोकरी न बदलता हरित काम करता येते का?

येते, आणि बहुतेकांसाठी हीच व्यवहार्य वाट आहे. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेता येईल. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर वर्षाला सहा हजार तास चालली तर सुमारे ५० हजार युनिट वीज घेते. तिची कार्यक्षमता केवळ एक टक्क्याने घसरली तरी वर्षाला सुमारे ५०० युनिट वाया जातात. जळालेली मोटर पुन्हा-पुन्हा निकृष्ट रिवाइंडिंग करून वापरली की नेमके हेच होते. दुर्लक्षित कारखान्यात कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीतच जाते. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असताना फुसफुस आवाज ऐकून गळती शोधणारा फिटर वर्षाकाठी जितकी वीज वाचवतो, तितकी कार्यालयातले दिवे बंद करून वाचत नाही.

कार्यालयांचा हिशेबही सोपा आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट, तर बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास वीज घेतो. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस चालणारे २० पंखे बदलले तर २ हजार ७०० युनिट वाचतात. देशातील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला जवळपास १.९ टन उत्सर्जन टळते. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे बीईई सांगते. एसी २० ऐवजी २४ वर ठेवला तर बचत पाचव्या हिश्शाच्या पुढे जाते.

घरून काम करणे मात्र सरसकट हरित नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या विश्लेषणानुसार कारने सहा किलोमीटरहून अधिक प्रवास करणाऱ्याने घरून काम केल्यास उत्सर्जन घटते. पण प्रवास कमी अंतराचा किंवा सार्वजनिक वाहतुकीचा असेल, तर घरच्या वाढीव विजेमुळे ते वाढूही शकते. पुण्यात एकट्याने कार चालवत हिंजवडी गाठणारा आणि डोंबिवलीहून लोकलने मुंबईला जाणारा, या दोघांसाठी उत्तर एकच नाही.

कंपनीचा दावा कसा तपासायचा?

दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरोधात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ती ग्राहकांसाठी आहेत. नोकरी शोधणाऱ्याला स्वतःच तपासणी करावी लागते. कंपनी मोठी आणि सूचिबद्ध असेल तर तिचा बीआरएसआर अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. त्यात कर्बउत्सर्जनाबरोबर कायम व कंत्राटी कामगारांची संख्या, अपघात आणि मृत्यू यांचेही आकडे असतात. दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की सुधारणा होते आहे की फक्त छायाचित्रे बदलली आहेत, ते कळते.

कंपनी लहान असेल तर मुलाखतीत चार प्रश्न पुरतात. काम उभारणीचे की देखभालीचे? हातात सध्या किती महिन्यांच्या ऑर्डर आहेत? नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, आणि भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? छतावर किंवा यंत्राजवळ काम करताना सुरक्षेची साधने कोण देते? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पदाच्या नावात ‘ग्रीन’ असले तरी दुसरीकडे अर्ज केलेला बरा.